तेलपाणी न लागणाऱ्या गाडीतलं तेल

आजची गोष्ट एका माहेरी निघालेल्या बाईपासून सुरू होते.

साल १८८८, महिना ऑगस्ट, देश जर्मनी. बर्था बेन्झ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन मोटारीतून घराबाहेर पडली. नवरा कार्ल बेन्झ याने तीन चाकांची, इंजिनावर चालणारी गाडी बनवली होती. त्याच्या धंद्यात बर्थाच्या हुंड्याचा पैसा गेला होता. गाडी तयार होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. बर्था मॅनहाइमहून निघाली ती फोर्त्सहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तोवर मोटारीने एवढा लांबचा प्रवास कोणीच केला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि उतारावर चाकाला दाबायची ब्रेकची लाकडं झिजून गेली, तेव्हा एका गावात चांभाराला गाठून त्या लाकडांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला लायनर बसला तो असा.

ही गोष्ट सगळे धाडसाची म्हणून सांगतात. मला तिच्यातला हिशेबीपणा जास्त आवडतो. काय झिजतंय ते तिने चालवताना पाहिलं, आणि झिजेल ते काढून दुसरं लावता येईल अशी सोय करून घेतली. आजही आपण गॅरेजमध्ये ब्रेक पॅड बदलतो ते हेच. आजच्या विषयात हा पॅड पुन्हा येणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवा.

विषय आहे ब्रेक ऑइल. तेही इलेक्ट्रिक गाडीतलं. आता तुम्ही म्हणाल, इलेक्ट्रिक गाडीला कुठलं आलं तेल? विकणारे तर पहिल्यांदा हेच सांगतात, “ताई, हिला तेलपाणी काही लागत नाही.” इंजिन नाही, तेव्हा इंजिन ऑइल नाही, इथपर्यंत त्यांचं खरं आहे. पण गाडी चालवण्याइतकीच ती थांबवावी लागते, आणि इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा पायाचा दाब चाकापर्यंत नेणारं ते पिवळसर पातळ ब्रेक ऑइल असतंच. ते कमी झालं तर काय समजायचं, हे कळायला थोडा इतिहास लागतो.

बर्थाच्या नंतर तीसेक वर्षं मोटारींचे ब्रेक लोखंडी दांड्या आणि तारांवर चालायचे. पाय दाबला की दांडी ओढली जायची, सायकलच्या जुन्या ब्रेकसारखी. दोन चाकांना ते ठीक, पण चार चाकांना सारखा ताण देणं फार अवघड. एक तार ढिली असली की एकच चाक जोरात धरणार आणि गाडी रस्त्याच्या कडेला ओढली जाणार. पावसाचा चिखल दांड्यांवर बसला की आणखीच त्रास.

यावर उपाय होता तो अडीचशे वर्षं जुन्या ज्ञानात. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्कल नावाच्या विद्वानाने दाखवून दिलं होतं, की बंद भांड्यातल्या पाण्याला एका जागी दाबलं की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. घरी करून बघा. सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या घ्या, एक लहान आणि एक जनावरांच्या डॉक्टरकडची मोठी. मध्ये नळी जोडा, आत पाणी भरा. लहानीचा दट्ट्या बोटाने दाबा, मोठीचा दट्ट्या तुम्हाला तळहाताने दाबून धरता येणार नाही. तो सरकतो थोडाच, पण जोर केवढा! ट्रॅक्टरची डंपिंग ट्रॉली खडीसकट उचलली जाते ती याच तत्त्वावर.

अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने ही युक्ती मोटारीच्या ब्रेकला लावली आणि १९१७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याचा भाऊ पुढे विमानांच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध झाला, आणि माल्कमचं नाव मागे पडलं. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग नावाची महागडी गाडी चारही चाकांना असे ब्रेक लावून विकायला आली. पण एक खोट होती. दट्ट्याभोवती गळती रोखायला चामड्याच्या वाट्या बसवत, आणि त्या पाझरत. १९२४ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या लोकांनी चामड्याच्या जागी रबराच्या वाट्या बसवल्या, तेव्हा कुठे हे ब्रेक सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत विश्वासाने बसू लागले. हेन्री फोर्डला मात्र तेलाच्या भरवशावर पाय ठेवणं पटेना. पेडलपासून चाकापर्यंत अस्सल पोलाद, अशी त्याची जाहिरात असे. १९३९च्या गाड्यांपर्यंत तो अडून राहिला.

त्या नळ्यांत घालायचे तरी काय? नुसतं पाणी थंडीत गोठतं आणि लोखंड गंजवतं. इंजिनचं खनिज तेल घातलं तर त्या काळचं रबर फुगून खराब व्हायचं. म्हणून अल्कोहोल आणि एरंडेल यांचं मिश्रण बरीच वर्षं वापरात होतं. हो, आपल्या आजीने नाक धरून पाजलेलं तेच एरंडेल! ते रबराला धक्का लावत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर रसायनाच्या कारखान्यात बनवलेली ग्लायकॉलची द्रवं आली आणि एरंडेल मागे पडलं. आज डब्यावर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ असं लिहिलेलं असतं, ती बहुधा हीच द्रवं. आपण त्यांना ऑइल म्हणतो एवढंच, तेलाचा गुण त्यांत नाही.

खनिज तेलाची ती जुनी अडचण अजून गेलेली नाही. ट्रॅक्टरच्या ब्रेकचं तेल निराळ्या जातीचं असतं. ट्रॅक्टरचं उरलेलं तेल किंवा इंजिन ऑइल कोणी “तेल ते तेलच” म्हणून मोटारीच्या ब्रेकच्या टाकीत ओतलं, तर आतली सगळी रबरं फुगतात आणि पेडलपासून चाकापर्यंत सगळं बदलावं लागतं. असं कोणी ओतलंच, तर गाडी जागेवरून हलवू नका.

ग्लायकॉलचा दुसरा स्वभाव बायकांना सांगायला सोपा. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ पाणी धरतं ना, तसं हे द्रव हवेतली ओल ओढून घेतं. नळीच्या रबरातूनसुद्धा ओल हळूहळू आत जाते. गाडी चालो, न चालो. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ब्रेक तापला आणि आत वाफ झाली, की वाफ दाबली जाते, पण दाब पुढे जात नाही. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही.

आता इलेक्ट्रिक गाडीकडे वळू. ही गाडी काल-परवाची नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या मोटारी बऱ्याच होत्या आणि त्यांच्या जाहिराती मुद्दाम बायकांसाठी असत. हँडल मारायला नको, धूर नाही, आवाज नाही. पेट्रोलच्या गाड्या घरोघरी पोचवणाऱ्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची विजेची गाडी चालवायची. मग १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला, हँडल मारायचं गेलं, पेट्रोल स्वस्त होतं, आणि विजेची गाडी बाजारातून नाहीशी होत गेली. तिच्याबरोबर तिची एक मोठी सोयही रस्त्यावरून गेली. ती टिकली रेल्वेत.

सोय अशी. जुन्या सायकलला टायरला घासणारा डायनॅमो असायचा. तो टायरवर पाडला की दिवा लागायचा आणि पेडल जड व्हायचं. म्हणजे चाक वीज तयार करतं तेव्हा चाकाचा वेग खाल्ला जातो. विजेच्या गाडीची मोटर उलटी वापरली तर तीच डायनॅमो होते, गाडी धीमी करते आणि वीज परत देते. मुंबईला १९२५ मध्ये विजेची पहिली आगगाडी धावली, आणि १९३० च्या सुमारास भोर घाट ओलांडून विजेच्या तारा पुण्यापर्यंत आल्या. घाटात मालगाड्यांना जी इंजिनं जोडत त्यांना रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत. उतरताना त्यांच्या मोटरी ब्रेकचं काम करत आणि वीज तारेत परत जाई. मुंबईच्या आजच्या लोकलही थांबताना वीज परत देतात. आपल्याकडे २००१ मध्ये बंगळूरची रेवा आणि आता रस्त्यावर दिसणाऱ्या इलेक्ट्रिक मोटारी, यांचा मोटर-ब्रेक त्याच जातीचा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप आवरते ती यामुळे.

इथे बर्थाचा चामड्याचा तुकडा पुन्हा येतो. पेट्रोलच्या गाडीत पॅड झिजतात. पॅड झिजला की त्याला दाबणारा दट्ट्या थोडा पुढे येतो, त्याच्यामागे मोकळी जागा होते आणि टाकीतलं ऑइल तिथे जाऊन बसतं. म्हणून टाकीतली पातळी वर्षा-दोन वर्षांत थोडी उतरते. ते ऑइल कुठे गेलेलं नाही, खाली चाकापाशी आहे. नवे पॅड घातले की ते परत वर येतं. मध्येच कोणी काठोकाठ भरून ठेवलं असेल तर नवे पॅड घालताना बाहेर सांडतं आणि रंग उडवतं.

इलेक्ट्रिक गाडीत निम्म्याहून जास्त वेळा मोटरच गाडी थांबवते, त्यामुळे पॅड फार हळू झिजतात. मग पॅडमुळे पातळी उतरण्याचं कारणच फारसं राहत नाही. ब्रेक ऑइल जळत नाही, उडून जात नाही, चालवून संपत नाही. तेव्हा इलेक्ट्रिक गाडीत पातळी उतरली तर पहिला संशय गळतीचा घ्यायचा. पेट्रोलच्या गाडीवर हात बसलेल्या फिटरला हे पटकन सुचत नाही, कारण त्याच्या अनुभवात पातळी उतरणं नेहमीचंच.

आमच्या ऐकणाऱ्यांपैकी एका बचत गटाने कर्ज काढून इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. सकाळी शाळेची पोरं, दुपारी तपासणीला जाणाऱ्या गरोदर बाया. चालवणारी गटातलीच. तिला वळणावर आणि उतारावर लाल दिवा क्षणभर लागून विझताना दिसला. गोलात उद्गारचिन्ह असतं तो. हँडब्रेक ओढला की लागतो तोच दिवा, म्हणून तिने आधी हँडब्रेक पूर्ण सोडलाय ना ते पाहिलं. तो सुटलेला होता. तालुक्याच्या एका दुकानात गेली, तिथे टाकी भरून दिली, दिवा विझला. तीन आठवडे सगळं ठीक. मग पुन्हा तेच. वळणावर लागणारा दिवा म्हणजे टाकीत ऑइल इतकं कमी, की ते एका बाजूला झुकलं तरी आतला तरंगता तुकडा खाली बसतो. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या गॅरेजमध्ये चाक खोललं, तर मागच्या डाव्या ड्रममध्ये सगळं ओलं. सिलेंडरचं रबर गेलेलं. तीन आठवडे ऑइल ब्रेकच्या शूवर पाझरत होतं, आणि मोटरच गाडी थांबवत असल्यामुळे पायाला काही वेगळं लागत नव्हतं.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोटर-ब्रेक चांगला असला की तेलाचा ब्रेक बिघडल्याचं लपून राहतं. आणि तो मोटर-ब्रेक काही वेळा रजेवर असतो. बॅटरी पूर्ण भरलेली असली की परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून गाडी मोटर-ब्रेक कमी करते. पाचगणीला रात्रभर चार्जिंग शंभर टक्के करून सकाळी पसरणी घाट उतरून वाईला यायचं ठरवलं, तर घाटाच्या सुरुवातीला सगळा भार त्याच पॅडवर आणि त्याच जुन्या, पाणी मुरलेल्या ऑइलवर. वरून निघायचं असेल तर बॅटरी थोडी रिकामी ठेवावी.

पातळी बघायला गॅरेज लागत नाही. सपाट जागी, गाडी थंड असताना, गाडी बंद करून बॉनेट उघडा. धुरकट पांढरी, आरपार दिसणारी छोटी टाकी असते, तिच्यावर वर-खाली दोन खुणा. ऑइल त्यांच्यामध्ये हवं. झाकण उघडायची गरज नाही, आणि उघडायचंच तर आधी धूळ पुसा. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना मात्र हात लावू नका, त्यांत मुख्य बॅटरीची वीज असते. ऑइल कमी दिसलं तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि टाकीखाली बघा. एसीचं पाणी गळतं ते नुसतं पाणी असतं. बॅटरी थंड ठेवणारं पाणी हिरवं, निळं किंवा गुलाबी. ब्रेक ऑइल बोटाला बुळबुळीत लागतं, नवं असेल तर फिकट पिवळं, जुनं असेल तर तपकिरी. हात लगेच धुवा, ते विषारी आहे, आणि डबा पोरांपासून लांब ठेवा. मग गाडी सुरू करून उभ्या उभ्या ब्रेक दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजसारखा लागत असेल, तर गाडी तिथेच ठेवा.

अशा वेळी गावात पहिली सूचना येते ती ट्रॅक्टरला दोर बांधून न्यायची. तसं करू नका. मोटर जोडलेली चाकं रस्त्यावर फिरली की ती डायनॅमो होते, आपण आत्ताच पाहिलं, आणि बंद गाडीत ती वीज जाणार कुठे? मोटर आणि तिची यंत्रणा खराब होते. शिवाय ओढलेल्या गाडीला ब्रेकही धड नसतात. सपाट फळीच्या गाडीवर चढवूनच न्यायची.

चालत्या गाडीत ब्रेक लागेनासा झाला तर पाय पटापट मारत राहायचं आणि हँडब्रेक हळूहळू ओढायचा. पूर्वी सगळ्या चाकांना मिळून एकच वाट असे. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेने दोन वेगळ्या वाटा सक्तीच्या केल्या आणि हळूहळू तीच रीत जगभर झाली. त्यामुळे एक वाट रिकामी झाली तरी दुसऱ्या वाटेची चाकं धरतात. गाडी उशिरा थांबेल, पण थांबेल.

दुरुस्ती म्हणजे गळती कुठे आहे ते शोधायचं, तो भाग बदलायचा, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचं नवं, सील न फोडलेलं ऑइल भरायचं आणि नळ्यांतली हवा काढायची. इथे एक प्रश्न आधी विचारा. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या ओढीवर ब्रेकला जोर मिळतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, म्हणून ते काम विजेचा छोटा पंप किंवा मोटर करते. अशा काही गाड्यांची हवा नुसतं पेडल मारून निघत नाही, संगणक जोडावा लागतो. तेव्हा “काँप्युटर लावून हवा काढता का?” हे गाडी खोलायच्या आधी विचारायचं. मेकॅनिकला राग आला तरी चालेल.

गळती नसली तरी ऑइल बदलावं लागतंच, बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांनी सांगतात. ते किलोमीटरवर नसतं, दिवसांवर असतं, कारण ओल मुरायला गाडी चालावी लागत नाही. आपल्या गाडीचं पुस्तक काढा, त्यात काय लिहिलंय ते पाहा. शेवटी कधी बदललं ती तारीख कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे गटातली कोणीही गाडी घेऊन गॅरेजला गेली तरी तिला विचारत बसावं लागणार नाही. निघालेलं जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू देऊ नका, गॅरेजवाल्याकडेच डब्यात ठेवायला सांगा.